नातवंडांची पुस्तके आणि त्यांचे लेखक

शब्बाथचे जेवण आटोपले की बारा-चौदा वर्षांचा नातू किंवा नात पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसते. काय वाचतोस बाळा, असे विचारले तर ‘सेफेर’ एवढेच उत्तर मिळते. आपणही पुढे विचारत नाही. एक तर आपले हिब्रू उलपानात शिकलेले. दुसरे म्हणजे ही मुलांची पुस्तके, आपल्याला त्यांत काय कळणार, असे आपण धरून चालतो. या पुस्तकांची थोडी माहिती आपल्या ज्येष्ठ वाचकांना द्यावी म्हणून हा लेख. ती कशी असतात, कोण लिहितो, सत्तरी-ऐंशीतल्या माणसांनी ती का वाचावीत आणि त्यांच्या लेखकांशी कसे बोलावे, हे यात सांगितले आहे. शेवटी आपल्या समाजाच्या एका कामाविषयीही लिहिले आहे. ते काम फार दिवस थांबणारे नाही.

किशोर कादंबरी म्हणजे काय

लहान मुलांच्या पुस्तकांना हिब्रूत ‘सिफ्रुत येलादीम’ म्हणतात आणि मोठ्या मुलांच्या पुस्तकांना ‘सिफ्रुत नोअर’. मराठीत आपण त्यांना बालवाङ्मय आणि किशोर वाङ्मय म्हणू. नोअर म्हणजे साधारण बारा ते अठरा वर्षांची मुले. बार मित्झ्वा, बाथ मित्झ्वापासून लष्करात जाईपर्यंतचा हा काळ. या वयाची मुले धड लहान नसतात, धड मोठी नसतात. घरातल्या अडचणी त्यांना कळतात, पण त्यांच्याशी कोणी बोलत नाही. किशोर कादंबरी या मुलांसाठी असते. तिचा नायक किंवा नायिका त्याच वयाची असते आणि सारी गोष्ट तिच्याच डोळ्यांनी दिसते. बोधकथेप्रमाणे शेवटी तात्पर्य सांगितलेले नसते. मुलगा चुकतो, खोटे बोलतो, घाबरतो, मित्राशी भांडतो, आणि त्यातूनच स्वतःचा मार्ग काढतो.

हा प्रकार आपल्याला अगदी अनोळखी नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आपल्यापैकी पुष्कळांनी मुंबई-पुण्यात किंवा कोकणात शाळेत असताना वाचली आहे. गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पालगडच्या घरातल्या आठवणी मोठा झालेला श्याम रात्री आपल्या सोबत्यांना सांगतो, म्हणून त्या पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा ‘फास्टर फेणे’ हेही याच घराण्यातले. आपली मुले इथे वाढली तेव्हा त्यांनी यीगाल मोसिन्झोन यांची ‘हसांबा’ ही मालिका वाचली. मुलामुलींची एक गुप्त टोळी तिच्यात साहसे करते, आणि चाळीसहून अधिक पुस्तके होईपर्यंत ती चालली. फास्टर फेणे आवडलेल्या माणसाला हसांबा आवडायला वेळ लागत नाही.

हिब्रूची भीती

आता अडचणीचे बोलू. आपल्यापैकी पुष्कळजण सिद्दूर न अडखळता वाचतात, पण वर्तमानपत्र हातात आले की थांबतात. सिद्दुरात प्रत्येक अक्षराखाली निकुद असतो, वर्तमानपत्रात नसतो. लहान मुलांच्या पुस्तकांत निकुद पूर्ण असतो. किशोर पुस्तकांत तो बहुधा नसतो, पण जिथे एक शब्द दोन प्रकारे वाचला जाईल तिथे एखादे चिन्ह दिलेले आढळते.

तरीही मोठ्यांच्या कादंबरीपेक्षा ही पुस्तके सोपी जातात. वाक्ये लहान असतात आणि संवाद भरपूर असतात. त्यांतली भाषा बसमध्ये, बाजारात, कुपात होलीममध्ये रोज कानावर पडते तीच असते. पहिली दहा-पंधरा पाने जड जातात. तेवढ्या अवधीत पात्रांची नावे आणि लेखकाचे नेहमीचे शब्द ओळखीचे होतात, मग गाडी चालू लागते. प्रत्येक शब्द कोशात पाहू नये. जो शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा अडला तेवढाच कागदावर लिहून ठेवावा आणि संध्याकाळी नातवाला विचारावा. एरवी फोनमध्ये डोके घालून बसणारा मुलगा अशा वेळी आनंदाने समजावून सांगतो, कारण इथे शिक्षक तो असतो आणि विद्यार्थी आजोबा. त्यातला एखादा शब्द रस्त्यावरचा निघाला तर दोघांनाही हसू येते.

ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांनी निराश होऊ नये. नेतान्या येथे दृष्टिहीनांसाठी आणि छापील मजकूर वाचणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी केंद्रीय वाचनालय आहे. ते वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तके पुरवते. दुसरा मार्ग घरातलाच आहे. नातीने दहा मिनिटे मोठ्याने वाचायचे आणि आजीने ऐकायचे.

सुरुवातीला चार पुस्तके

नगरपालिकेच्या वाचनालयात गेल्यावर कोणते पुस्तक मागावे हे कळावे म्हणून चार नावे देत आहे. ही पुस्तके या देशात पुष्कळ वाचली गेली आहेत आणि आपल्या वयाच्या माणसालाही ती काही देऊन जातात.

पहिले, द्वोरा ओमेर यांचे ‘हा-बहोर ले-बेत अवी’, म्हणजे अवींच्या घरचा थोरला. हे १९६७ साली निघाले. एलिएझेर बेन येहूदा यांचा मुलगा इतामार, १८८२ साली जन्मलेला, याची ही गोष्ट आहे. घरात हिब्रूखेरीज दुसरा शब्द बोलायचा नाही असा वडिलांचा दंडक होता, आणि बाहेर हिब्रू बोलणारे दुसरे मूल नव्हते. आज सारा देश जी भाषा बोलतो ती बोलणारे हे पहिले मूल मित्रांवाचून एकटे वाढले. आपण इथे आलो तेव्हा आपली भाषा घराच्या उंबऱ्याआत राहिली आणि बाहेर आपण मुके झालो, हे ज्याला आठवत असेल त्याला या मुलाचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. द्वोरा ओमेर यांना २००६ साली इस्राएल पारितोषिक मिळाले. २०१३ साली त्या वारल्या.

दुसरे, एली अमीर यांचे ‘तर्नेगोल कपारोत’. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे शाळांतूनही शिकवले गेले. अमीर यांचा जन्म बगदादचा. १९५० साली ते कुटुंबाबरोबर इथे आले. त्यांच्या कादंबरीतला नूरी हा मुलगाही बगदादहून येतो. आईवडील मआबरात राहतात आणि त्याला किबुत्सवर शिकायला पाठवतात. तिथल्या मुलांसारखे व्हावे असे त्याला वाटते, आणि तसे झालो तर आईवडिलांना काय तोंड दाखवू, असेही वाटते. देश निराळा असला तरी ही ओढाताण आपल्या घरांतूनही झालेली आहे.

तिसरे, गलीला रोन-फेदेर-अमीत यांचे ‘एल आत्स्मी’, म्हणजे स्वतःकडे. हे १९७६ सालचे आहे. गरीब घरातला त्सियोन कोहेन नावाचा मुलगा दुसऱ्या कुटुंबात वाढायला जातो आणि आपल्या मनातले आपणच लिहून काढतो. गलीलाबाईंनी आपल्या घरी अशी मुले वाढवली आहेत, त्यामुळे त्सियोनचा राग आणि त्याची लाज खरी वाटते. त्यांनी शेकडो पुस्तके लिहिली आहेत. नातवंडे अजून लहान असतील तर त्यांच्या दप्तरात याच लेखिकेची ‘मिन्हेरेत हा-झ्मान’ ही मालिका सापडेल. तिच्यात दान आणि शारोन ही मुले काळाच्या भुयारातून जुन्या घटनांत जाऊन येतात.

चौथे, दावीद ग्रोसमन यांचे ‘मिशेहू लारूत्स इतो’, म्हणजे सोबत धावायला कोणीतरी. हे २००० साली निघाले. असाफ हा सोळा वर्षांचा मुलगा सुटीत जेरुसलेमच्या नगरपालिकेत काम करतो. एका हरवलेल्या कुत्रीच्या मालकाला शोधण्याचे काम त्याच्याकडे येते. कुत्री दोरी ओढत पुढे आणि असाफ मागे, अशी सारी गोष्ट जेरुसलेमच्या रस्त्यांतून धावत जाते. यातले हिब्रू आजच्या मुलांचे आहे, म्हणून हे पुस्तक चौथ्या क्रमांकावर ठेवले. नातवंड कशाला हसते आणि कशाला भिते हे यातून बरेच कळते.

ही पुस्तके ऐकण्यातून होतात

लेखक सारे मनातून रचतो असे आपल्याला वाटते. किशोर कादंबरीचे पुष्कळदा तसे नसते. तिच्यामागे कोणीतरी वडीलधारे माणूस बोललेले असते आणि कोणीतरी ते नीट ऐकलेले असते. ऊरी ओरलेव यांचे उदाहरण पाहा.

ओरलेव यांचा जन्म १९३१ साली वॉर्सा शहरात झाला. लहानपणी ते आई आणि धाकट्या भावासह तिथल्या घेट्टोत होते. आई मारली गेली. दोघे भाऊ पुढे बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत गेले आणि तिथून जिवंत सुटले. १९४५ साली ते या देशात आले. त्यांचे ‘हा-ई बि-रहोव हा-त्सिपोरीम’, म्हणजे पक्ष्यांच्या रस्त्यावरचे बेट, हे पुस्तक १९८१ सालचे आहे. त्यात अलेक्स नावाचा मुलगा ओसाड घेट्टोतल्या पडक्या घरात एकटा लपून वडिलांची वाट पाहतो. सोबतीला एक पांढरा उंदीर असतो. ते घर म्हणजे त्याचे बेट आणि तो म्हणजे रॉबिन्सन क्रूसो, अशी ती कल्पना आहे. १९९६ साली ओरलेव यांना हान्स ख्रिस्तियन अँडरसन पारितोषिक मिळाले. मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांत जगात याहून मोठा मान नाही. २०२२ साली ते वारले.

स्वतःचे एवढे आयुष्य गाठीशी असूनही ओरलेव दुसऱ्यांचे ऐकत राहिले. रोमानियातल्या आपल्या बालपणाची हकीकत आरियाना हारान या कवयित्रीने सांगितली, आणि त्यातून ‘लिडिया, एरेत्स इस्राएलची राणी’ ही खोडकर मुलीची गोष्ट झाली. योराम फ्रिडमन यांनी आपले बालपण सांगितले, त्यावरून २००१ साली ‘रूत्स येलेद रूत्स’, म्हणजे पळ पोरा पळ, हे पुस्तक आले. आठ वर्षांचा स्रुलिक घेट्टोतून निसटतो आणि पोलंडच्या रानात, शेतांत, परक्यांच्या गोठ्यात दिवस काढतो. यंत्रात सापडून त्याचा एक हात जातो. खोटे नाव घेऊन तो इतके दिवस राहतो की खरे नाव आणि घरची माणसे त्याच्या आठवणीतून पुसट होत जातात. मोठेपणी इथे गणित शिकवणारे फ्रिडमन बोलले, म्हणून हे पुस्तक झाले. पुढे त्यावर चित्रपटही निघाला. ते बोलले नसते तर एका घराच्या चार भिंतींत सारे संपले असते.

अशा पुस्तकात सगळे घडले तसेच येत नाही. लेखक नावे बदलतो, दोन माणसांचे एक करतो, मधली वर्षे गाळतो. आरियानाची लिडिया होते. आपण सांगितलेली गोष्ट पुस्तकात ओळखू येईल, पण फोटोसारखी येणार नाही. हे आधी ठाऊक असले म्हणजे मागाहून वाईट वाटत नाही.

लेखक भेटतात कुठे

हा देश लहान आहे आणि इथले लेखक फार दूर नसतात. वर्षातून एकदा, जून महिन्यात, ‘शवुआ हा-सेफेर’ म्हणजे पुस्तक सप्ताह असतो. १९२६ साली ब्राखा पेली या प्रकाशक बाईंनी तेल अवीवच्या रॉथशिल्ड मार्गावर पुस्तके मांडली, तेव्हापासूनचा हा परिपाठ. आता शहरोशहरी चौकांत आणि बागांत संध्याकाळी टेबले लागतात. प्रकाशकाच्या टेबलाशी लेखक स्वतः बसलेले असतात, पुस्तकावर सही देतात आणि दोन मिनिटे बोलतात. प्रवेशाला पैसे नाहीत. गर्दी व्हायच्या आत गेले तर बसायला जागाही मिळते.

दुसरी जागा म्हणजे शाळा. इथे शाळा लेखकांना बोलावतात. मुले आधी पुस्तक वाचतात, प्रश्न लिहून आणतात, मग लेखक वर्गात तासभर बसून उत्तरे देतात. शिक्षण मंत्रालयाच्या ‘मित्साद हा-स्फारीम’ या उपक्रमात मुले पुस्तके वाचून आपल्या आवडत्या पुस्तकाला मत देतात, त्यामुळे वर्षभर शाळेत पुस्तकांची चर्चा चालू असते. आजीआजोबांना अशा भेटीला येता येईल का, हे शिक्षिकेला विचारायला हरकत नाही. नगरपालिकेच्या वाचनालयांतही अशा भेटी होतात. त्या सर्वांसाठी खुल्या असतात आणि तिथल्या फलकावर त्यांची तारीख लावलेली असते.

चालणे-फिरणे ज्यांना कठीण आहे त्यांना पत्र लिहिता येईल. पुस्तकाच्या पहिल्या पानांत प्रकाशकाचे नाव दिलेले असते. त्यांच्यामार्फत पाठवलेले पत्र लेखकापर्यंत जाते. आपण बोलायचे आणि नातीने हिब्रूत लिहायचे. शेवटी सही मात्र आपली, आणि ती मराठीत केली तरी चालेल.

काय बोलावे

लेखकासमोर गेले की आपल्या पिढीची माणसे दोनांपैकी एक करतात. एक तर संकोचून नुसते ‘तोदा राबा’ म्हणतात, नाही तर पूर्ण जीवनकथा सांगायला लागतात आणि मागे रांग खोळंबते. माझ्या आयुष्यावर पुस्तक लिहा, असे लेखकांना पुष्कळजण सांगतात. त्यातून काही निघत नाही. याहून बरे म्हणजे त्यांच्या पुस्तकाविषयी एक नेमका प्रश्न विचारावा आणि त्याला जोडून आपली एक छोटी गोष्ट सांगावी.

प्रश्न साधे असावेत. ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? यातले खरे घडलेले कोणते? हा मुलगा शेवटी घरी परत का जात नाही? या आजीला तुम्ही पहिल्याच प्रकरणात का मारलेत? हा शेवटचा प्रश्न ऐकून लेखक हसेल, पण उत्तरही देईल, कारण आजीच्या वयाचा वाचक त्याला क्वचितच भेटतो. मुले विचारतात, पुढे काय झाले. म्हातारे विचारतात, असे का झाले. लेखकाला दोन्ही प्रश्न हवे असतात.

घरी जाताना नातवंडाला विचारावे, तुला काय वाटले? मग आपल्याला काय वाटले ते सांगावे. दोघांनी एकच पुस्तक वाचलेले असले म्हणजे बोलायला विषय शोधावा लागत नाही. नूरीला आपल्या वडिलांच्या बोलण्याची लाज का वाटते, असे नातवाने विचारले तर त्या प्रश्नाला आपल्या घरातलेही उत्तर असते. ‘माझ्या वेळी असे होते’ म्हणून सुरू केलेली गोष्ट मुले टाळतात. पुस्तकातल्या मुलाच्या निमित्ताने तीच गोष्ट आली तर ऐकतात.

आपली गोष्ट

आता शेवटी म्हटलेल्या कामाविषयी. पोलंडच्या मुलाची गोष्ट नातवंडांना ठाऊक आहे, बगदादच्या मुलाची ठाऊक आहे. रेवदंड्याहून, पेणहून किंवा मुंबईच्या माझगावातून निघून दिमोनाला येऊन पोचलेल्या मुलाची गोष्ट त्यांना ठाऊक आहे का? घरात विचारून पाहा. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आणि वाचलेल्या सात जोडप्यांची कथा ते सांगतील, कारण ती समारंभात ऐकली आहे. १९६४ साली आपली माणसे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपल्या बाजूने ठराव केला, हेही एखाद्याला ठाऊक असेल. पण त्या उन्हाळ्यात घरात काय बोलणे चालले होते? बारा वर्षांच्या मुलीने दाराआडून काय ऐकले? वर्गात दुसऱ्या दिवशी कोण तिच्याशेजारी बसले आणि कोण उठून गेले? हे कोणत्याही ठरावात लिहिलेले नाही. ते ज्यांनी पाहिले ती मुले आज सत्तरीच्या पुढे आहेत.

किशोर कादंबरीला लागते ते हेच. तिला तारखा कमी आणि बारीकसारीक गोष्टी फार लागतात. बोटीवर किंवा विमानात अंगावर कोणते कपडे होते. पेटीत आईने काय भरले आणि काय मागे ठेवले. पहिल्या हिवाळ्यात हात कशाने शेकले. शिक्षिकेला आपले नाव उच्चारता आले का. दारफाळणी म्हणजे कोणता सण आणि बिरड्याचा रोजा म्हणजे कोणता उपास, हे शेजाऱ्यांना कसे समजावले. मालिद्यासाठी पोहे कुठून आणले. आईला राग आला की ती कोणत्या भाषेत रागवायची आणि रडू आले की कोणत्या. असे दहा तपशील मिळाले तर लेखक पुस्तक उभे करतो. ते मिळाले नाहीत तर मनानेच काहीतरी रचतो, आणि मग पुस्तकातला भारतीय मुलगा हत्ती आणि मसाल्यांबद्दल बोलतो.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. १८७४ साली पुण्यात मराठी अर्थासह हग्गादा छापली, तिच्यातल्या चित्रांत मत्सा करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. मिस्रातून सुटकेची गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला त्या पानावर आपली आई दिसावी एवढी काळजी त्यांनी घेतली. पेसाहच्या रात्री मुलाने विचारायचे आणि वडीलधाऱ्यांनी सांगायचे, ही रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. ती वर्षात एका रात्रीपुरती ठेवू नये, एवढेच.

यासाठी सोयही आहे. ‘हा-केशेर हा-राव दोरी’ नावाचा उपक्रम तेल अवीवचे ‘अनू’ संग्रहालय शिक्षण मंत्रालयाबरोबर चालवते. पूर्वी याच संग्रहालयाला बेत हातफुत्सोत म्हणत. या उपक्रमात विद्यार्थी आणि त्यांचे आजीआजोबा शाळेत एकत्र बसतात. मूल विचारते, आजी सांगते, मूल लिहून काढते, आणि ती हकीकत संग्रहात कायमची ठेवली जाते. बार मित्झ्वा, बाथ मित्झ्वाच्या वयात मुलांना ‘अवोदात शोराशीम’, म्हणजे घराण्याच्या मुळांचा अभ्यास, करावा लागतो तो निराळा. तेव्हा नातवंडे आपल्याकडे येतात, दोन तारखा आणि एक फोटो घेऊन जातात, कारण आपण तेवढेच देतो. पुढच्या वेळी त्यांना एखादा प्रसंग द्या, आणि तो मराठी शब्दांसकट द्या. आपण ‘आई’ म्हटलेले त्यांनी ‘इमा’ लिहिले तर पुन्हा ‘आई’ लिहायला सांगा. ज्या मराठी बोलीत आपण हे जगलो ती बोलणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि काही आठवणी दुसऱ्या भाषेत सांगताच येत नाहीत.

सुरुवात अशी करावी. या आठवड्यात वाचनालयात जाऊन वरच्या चारांपैकी एक पुस्तक आणावे. रोज पाच पाने वाचावीत, अडले तर नातवंडाला विचारावे. पुस्तक संपले की लेखकासाठी एक प्रश्न लिहून ठेवावा. द्वोरा ओमेर आज नाहीत, पण हयात लेखकांची कमी नाही. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आपल्या लहानपणीचा एक प्रसंग लिहावा, मराठीत, जसा आठवेल तसा. शुद्धलेखनाची चिंता करू नये. तो कागद आपल्या अंकाकडेही पाठवावा. आम्ही तो मराठीत छापू आणि हिब्रूतही देऊ, म्हणजे आपल्या नातवंडांना वाचता येईल, आणि कोणा लेखकाच्या हाती पडला तर त्यालाही.